चित्ररथावरच्या रिकाम्या घागरी

दलित साहित्याची समीक्षा कविता, कथा, नाटक आणि आत्मकथन एवढ्याच चौकटीत फिरत आली आहे. पुस्तक छापले गेले, त्याचे परीक्षण आले, एखादे चर्चासत्र झाले, की समीक्षेचे कर्तव्य संपले असे आपण मानतो. पण आमच्या वस्तीत ज्यांनी जन्मात एकही कवितासंग्रह उघडलेला नाही अशी शेकडो माणसे १४ एप्रिलच्या रात्री रस्त्याच्या कडेला उभी राहतात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभारलेला चित्ररथ डोळे भरून पाहतात. लेकरांना खांद्यावर घेऊन पाहतात. जिला अक्षरओळख नाही अशा आजीला तो चित्ररथ महाड सांगतो, नाशिक सांगतो, नागपूर सांगतो. मग या चित्ररथाची समीक्षा कोणी करायची? की पोरांचा खेळ म्हणून तो सोडून द्यायचा?

काही जाणकार म्हणतील की चित्ररथ म्हणजे वाङ्मय नव्हे, ती उत्सवातली सजावट आहे. मला हे मान्य नाही. चित्ररथाला विषय असतो, पात्रे असतात, प्रसंगाची निवड असते, काय दाखवायचे आणि काय गाळायचे याचा निर्णय असतो आणि ध्वनिवर्धकावरून वाचला जाणारा मजकूरही असतो. जेथे निवड आहे तेथे दृष्टी आहे, आणि जेथे दृष्टी आहे तेथे समीक्षेला जागा आहे. सत्यशोधक जलशाला आणि पुढे भीमराव कर्डकांसारख्यांनी गावोगाव नेलेल्या आंबेडकरी जलशालाही प्रस्थापित समीक्षेने कधी वाङ्मय मानले नव्हते. जलशाच्या ताकदीबद्दल बाबासाहेबांनी काढलेले उद्गार आपण भाषणांतून अभिमानाने सांगतो. पण जलशाचा जो धाकटा भाऊ आज रस्त्यावरून चालतो आहे त्याच्याकडे मात्र प्रस्थापितांच्याच डोळ्यांनी पाहतो. हा दुटप्पीपणा आता सोडला पाहिजे.

मिरवणूक ही आपल्यासाठी नुसती करमणूक कधीच नव्हती. ज्या समाजाला गावच्या मुख्य रस्त्यावरून नवरदेव घोड्यावर बसवून नेता येत नव्हता, त्या समाजाने वाजतगाजत त्याच रस्त्यावरून जाणे हाच एक सत्याग्रह होता. बाबासाहेबांची पहिली सार्वजनिक जयंती १४ एप्रिल १९२८ रोजी पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी साजरी केली अशी नोंद आहे. महाडच्या दुसऱ्या परिषदेला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. रस्ता सहजासहजी मिळालेला नाही. १० जानेवारी १९७४ रोजी मुंबईत पँथरच्या मोर्चावर वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव यांचा जीव घेतला. आणि हे सर्व जुने झाले असे कोणी म्हणत असेल तर त्याने नांदेड जिल्ह्यातील बोंढार हवेली आठवावी. तेथे १ जून २०२३ रोजी एका बौद्ध तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती साजरी झाली याचा राग मारेकऱ्यांच्या मनात होता, असे त्याच्या घरच्यांची फिर्याद सांगते. हे ज्याला ठाऊक आहे तो जयंतीच्या मिरवणुकीची टिंगल करणार नाही. पण रक्त सांडून मिळवलेल्या या रस्त्यावरून आपण काय घेऊन चाललो आहोत, हे विचारण्याची जबाबदारीही त्याच्यावरच अधिक आहे.

२०२४ च्या एप्रिलमध्ये मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एका चित्ररथाची घडण मी पंधरा दिवस जवळून पाहिली. तो बांधत होती आमच्या वस्तीतल्या सैनिक पथकाची मुले. महाडच्या काळात बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या समता सैनिक दलाचा वारसा सांगणारे हे पथक. मुलामुलींची वये तेरा ते वीस. रविवारी सकाळी विहारासमोरच्या मोकळ्या जागेत कवायत होते. पांढरा सदरा, निळी टोपी, कमरेला पट्टा. सावधान, विश्राम, आगे बढ. वर्षातले पन्नास रविवार हे चालते आणि एप्रिल आला की तेच हात बांबू बांधायला लागतात.

ट्रॉली भाड्याने आणलेली होती. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात कामाला जाणाऱ्या एका मुलाने लोखंडी अँगलचा सांगाडा उभा केला. त्यावर बांबूच्या कामट्या, कामट्यांवर गोणपाट, गोणपाटावर कागदाचा लगदा. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून या मुलांनी लगद्याचे तंत्र आपल्या हाताने शिकून घेतले आहे. जुन्या वह्या, स्पर्धा परीक्षांची टाकून दिलेली पुस्तके, वर्तमानपत्रे रात्री पिंपात भिजत घालायची, सकाळी पिळून कणकेच्या खळीत मळायची आणि थरावर थर द्यायचा. एक थर वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, नाहीतर तडे जातात. उंची किती ठेवायची याचा हिशेब विजेच्या तारांवरून होतो. तरीही मिरवणुकीत एक मुलगा लांब बांबू घेऊन रथाच्या पुढे चालतो आणि तारा वर उचलून धरतो. या कामात जी एकमेकांना सांभाळून घेण्याची रीत मी पाहिली, ती आमच्या अनेक साहित्य संमेलनांत मला दिसलेली नाही.

विषय ठरला चवदार तळे. मध्यभागी ताडपत्रीचा हौद. त्याच्या काठावर सुटाबुटातला बाबासाहेबांचा सहा फुटी पुतळा, ओंजळीत पाणी घेतलेला. मागे प्लायवूडवर रंगवलेले डोंगर. दोन्ही बाजूंना पथकातली आठ मुले, हात जोडून, निश्चल उभी. ध्वनिवर्धकावरून वाचायचा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. आयुष्यभर मराठी शिकवलेला माणूस म्हणून ते माझ्याकडे येणे साहजिक होते. मी लिहिले की महामानवाने आपल्या पवित्र हातांनी तळ्यातले पाणी उचलले आणि त्या क्षणी तळे सर्वांसाठी खुले झाले. मुलांसमोर वाचून दाखवले. सगळे गप्प राहिले. मग अकरावीत शिकणारी एक मुलगी, कोपरापर्यंत लगद्याने माखलेली, म्हणाली, “सर, एकट्यांनीच? मग बाकीची माणसं तिथं काय करत होती? अशीच हात जोडून उभी होती?”

मला उत्तर देता आले नाही. एका थोर पुरुषाने इतिहास घडवला आणि जनता पाहत राहिली, या प्रस्थापित मांडणीवर मी वर्गात आणि वर्गाबाहेर पुष्कळ टीका केली आहे. आणि संधी येताच मी स्वतः तेच लिहिले होते. माझ्या त्या एका वाक्यात दोन असत्ये होती. बाबासाहेब एकटे नव्हते हे पहिले. आणि तळे त्या क्षणी खुले झाले नाही हे दुसरे.

१९ मार्च १९२७ रोजी महाडला भरलेली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद आकाशातून उतरली नव्हती. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे तरुण तिच्यासाठी खपले होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालीच मंजूर झाला होता, महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले असल्याचा ठरावही केला होता, आणि तरीही तळ्यावर जाण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. कागदावरचा हक्क पायांनी खरा करायचा होता. २० मार्चला ती माणसे हजारोंनी रांगेने चालत तळ्यावर गेली. त्यांत शेतमजूर होते, पेन्शनीत निघालेले सैनिक होते. बाबासाहेबांनी पाणी घेतले आणि त्यांच्या मागोमाग त्या सर्वांनी घेतले. नंतर काय झाले? हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवली गेली आणि परिषदेच्या मंडपावर हल्ला झाला. जेवायला बसलेल्यांना झोडपण्यात आले. ज्यांनी सैन्यात बंदुका चालवल्या होत्या अशा माणसांनी बाबासाहेबांचा शब्द मानून हात आवरला. मग सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घालून १०८ घागरींनी तळे ‘शुद्ध’ करून घेतले. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव फिरवला. डिसेंबरात न्यायालयाचा मनाई हुकूम आला. दुसऱ्या परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली, पण तळ्यावर जाऊन पाणी घेणे तहकूब ठेवावे लागले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले, कारण स्त्रियाही तेथे आलेल्या होत्या. तळ्याच्या खटल्याचा मुंबई उच्च न्यायालयातला निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. ओंजळ आणि निकाल यांच्यामध्ये दहा वर्षे उभी आहेत.

आमच्या रथावर त्या दहा वर्षांपैकी काहीच नव्हते. मार नव्हता, आवरलेला हात नव्हता, १०८ घागरी नव्हत्या, फिरवलेला ठराव नव्हता. स्त्री तर एकही नव्हती. होता तो एक पुतळा आणि हात जोडलेली आठ मुले. हात जोडणे ही तळ्याकडे चालत गेलेल्या माणसाची मुद्रा नव्हे. ती देवळाच्या बाहेर थांबलेल्या माणसाची मुद्रा आहे. बाबासाहेबांनी जी मुद्रा आपल्या अंगातून काढली तीच आपण त्यांच्यासमोर पुन्हा धारण करतो आहोत, हे मला त्या मुलीच्या प्रश्नाने दाखवले. मी मजकूर फाडला आणि नवा लिहिला. त्यात ‘महामानवाने’ ऐवजी ‘माणसे चालत गेली’ असे आले. हात जोडलेल्या आठांपैकी चार जणी मुली झाल्या आणि सर्वांचे हात सुटले. पण चित्ररथाचे खरे पुनर्लेखन माझ्याकडून झाले नाही. ते वस्तीतल्या बायांनी केले.

२०२३ चा पावसाळा मराठवाड्यात तुटीचा गेला होता आणि २०२४ चा उन्हाळा टँकरवर निघत होता. हौदाची ताडपत्री गळते का हे पाहायला मुलांनी पाण्याची दोन पिंपे आणून ओतायला घेतली. घराघरांतून बाया बाहेर आल्या. त्यांतल्या एका वयस्क बाईने पिंपावर हात ठेवला. म्हणाली, “पोराहो, ट्यांकर चौथ्या दिवशी येतंय अन् तुम्ही इथं हौद भरूलालाव? बाबासायेब पाण्यासाठी भांडले अन् तुम्ही त्येंच्या नावानं पाणी सांडताव?” पथकप्रमुख मुलगा खाली मान घालून म्हणाला, “मावशी, मग तळं कसं दाखवावं?” बाई काही बोलली नाही. घरात गेली आणि एक घागर घेऊन आली. “ही ठिवा. रिकामीच हाय.” दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ट्रॉलीवर अकरा भांडी जमली. तांब्याची एक घागर, स्टीलचे हंडे, प्लास्टिकच्या कळशा, तेलाचा एक कापलेला डबा. टँकरच्या रांगेत आपले भांडे आपलेच ओळखू यावे म्हणून बहुतेकांवर रंगाने खुणा किंवा नावाची अक्षरे काढलेली होती. मुलांनी ती भांडी ट्रॉलीच्या कडेने एका रांगेत सुतळीने बांधली. हौदात पाणी नव्हते, निळे कापड होते. आणि त्याच्याकडे निघालेली रिकाम्या भांड्यांची रांग होती.

आता मी समीक्षक म्हणून बोलतो. त्या संध्याकाळी ट्रॉलीवर जी रचना उभी होती ती मी पाहिलेल्या चित्ररथांत सर्वांत अर्थपूर्ण होती. तिने १९२७ आणि २०२४ यांना एका रांगेत उभे केले. सनातन्यांच्या १०८ घागरी माणसाच्या स्पर्शाचा विटाळ धुण्यासाठी भरल्या होत्या. या अकरा घागरी पाणीच नाही म्हणून रिकाम्या होत्या. तळे कायद्याने खुले झाले, पण नळ कोणाच्या दारात आधी येतो, टँकर कोणत्या आळीत आधी थांबतो, गावाच्या पाणीयोजनेची वाहिनी कोणत्या वळणावर संपते, हे प्रश्न तसेच आहेत. हे सारे त्या भांड्यांनी एकही शब्द न उच्चारता मांडले. शिवाय ती भांडी कोणा कलावंताने निवडलेली प्रतीके नव्हती. ती रोजच्या वापरातली होती, आणि जयंतीच्या आदल्या दिवशी टँकर आलाच तर ती ट्रॉलीवरून सोडून न्यावी लागणार होती. आपल्या साहित्यात अनुभवाच्या अस्सलपणाची चर्चा फार होते. अस्सलपणा म्हणजे काय हे मला त्या सुतळीच्या गाठींनी समजावले.

१३ एप्रिलच्या रात्री भांडी समोरच्या कडेवरून काढण्यात आली.

हे कोणी दुष्टपणाने केले नाही, म्हणूनच त्याची चर्चा केली पाहिजे. जयंती मंडळातली वडीलधारी माणसे रथ पाहायला आली. ती सगळी आमचीच माणसे. त्यांनी नामांतराच्या लढ्यात मार खाल्ला आहे. त्यांचे म्हणणे असे पडले की जयंती हा आनंदाचा दिवस आहे. वर्षभर दुःख भोगतोच, त्या एका दिवशी तरी समाजाने रुबाबात दिसावे. गावातले इतर लोक पाहायला उभे असतात, त्यांच्यासमोर आपली फुटकी भांडी कशाला मिरवायची? दुसरे कारण व्यवहाराचे होते. जनरेटरच्या डिझेलचा आणि ट्रॅक्टरच्या भाड्याचा खर्च एका सद्‌गृहस्थांनी उचलला होता. त्यांचा फलक रथाच्या दर्शनी कडेला लावायचा होता आणि नेमकी तेथेच भांडी होती. या सद्‌गृहस्थांचा धंदा थंड पाण्याचे जार पुरवण्याचा आहे. चवदार तळ्याच्या रथावर, रिकाम्या घागरींच्या जागी, विकतच्या पाण्याचा फलक लागला. हा विरोधाभास मी रचलेला नाही. मी रचला असता तर तो फार ढोबळ आहे म्हणून खोडून टाकला असता.

वडीलधाऱ्यांचा पहिला आक्षेप मी हलका मानत नाही. हाच आक्षेप आपल्या आत्मकथनांवरही घेतला गेला होता. आपले दैन्य उघडे करून प्रस्थापित वाचकांची करमणूक कशाला करता, असे आपल्याच माणसांनी आपल्याच लेखकांना विचारले होते. त्या प्रश्नामागे जखम आहे, आणि जखमेशी वाद घालता येत नाही. ज्यांना शतकानुशतके चांगले कपडे घालण्याचीही मनाई होती त्यांना रुबाबात चालण्याचा पूर्ण हक्क आहे. बाबासाहेबांचा सूट हाही एक युक्तिवादच होता. पण प्रश्न असा आहे की दैन्य दाखवणे आणि अन्याय दाखवणे या दोन गोष्टी एक आहेत काय? रिकामे भांडे हातात घेऊन कोणाच्या दारात उभे राहणे हे दैन्य. तेच भांडे रांगेत बांधून तळ्याकडे न्यायला निघणे ही मागणी. प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ ही १९७७ सालची एकांकिका हौशी मंचांवर इतकी का झाली? पाण्याचा प्रश्न तिने गाऱ्हाणे म्हणून मांडला नाही, आरोप म्हणून मांडला. तिला सोळा फुटी नेपथ्य लागले नाही. आमच्या अकरा भांड्यांतही तोच आरोप होता. तो मंडळातल्यांना दैन्य वाटला, कारण तो आपल्या घरातल्या वस्तूंतून बोलत होता, आणि आपल्या घरातल्या वस्तूंची लाज वाटायला आपल्याला फार पद्धतशीरपणे शिकवले गेले आहे.

रथावर काय दाखवायचे हा पेच आपल्याच वाट्याला आला असे समजण्याचे कारण नाही. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ साली. तेथल्या गुलामांच्या वंशजांनी आणि झोपडवस्त्यांतल्या गरिबांनी रिओ शहराचा कार्निव्हल आपल्या सांबा मंडळांनी मोठा केला. प्रत्येक मंडळ एक विषय घेते, रथ बांधते, आपले गाणे रचते आणि परीक्षकांपुढून मिरवत जाते. १९८९ साली नीलोपोलिसच्या बेजा-फ्लोर या मंडळासाठी जोआझिन्यो त्रिंता या रचनाकाराने झगमगाट बाजूला सारला आणि रस्त्यावर आणला तो कचरा, चिंध्या आणि भिकारी. त्यातल्या एका रथावर रिओच्या डोंगरावरचा प्रसिद्ध ख्रिस्त भिकाऱ्याच्या रूपात होता. चर्चने न्यायालयात जाऊन त्यावर बंदी आणली. तेव्हा मंडळाने रथ मागे ठेवला नाही. ख्रिस्ताला काळ्या प्लास्टिकने पूर्ण झाकले, बंदीतही आमच्याकडे पाहा अशा अर्थाचा फलक त्यावर लावला आणि झाकलेला रथच मिरवला. त्या वर्षी मंडळाला दुसरा क्रमांक मिळाला. आज पहिला कोणाला मिळाला होता हे फार थोड्यांना आठवते, तो झाकलेला रथ मात्र सर्वांना आठवतो. मी येथे कोणाचे अनुकरण करायला सांगत नाही. मी एवढेच दाखवतो आहे की दैन्याचे प्रदर्शन म्हणून ज्याची भीती वाटते ते, मिरवणाऱ्याच्या हातात निर्णय असेल तर, सत्तेला अडचणीचे ठरते. तेथे बंदी बाहेरून आली. आमच्याकडे ती आणायला बाहेरच्या कोणाला यावे लागले नाही, याचे मला दुःख आहे.

आणि याच ठिकाणी सैनिक पथकाच्या शिस्तीचा मुद्दा येतो. मंडळाचा निर्णय सांगितला गेला तेव्हा मुले एका शब्दाने बोलली नाहीत. सावधानमध्ये उभी राहिली आणि सुतळ्या सोडायला लागली. मला त्यांच्या शिस्तीचा आदर आहे. महाडच्या मंडपात हात आवरणाऱ्या माणसांचीच ती शिस्त आहे असे कोणी म्हणेल. पण ते खरे नाही. महाडच्या माणसांनी हात आवरला तो कारण समजून, आणि तोही पाणी पिऊन झाल्यावर. आज्ञा पाळण्याआधी कारण विचारता येणे, हे समतेच्या सैनिकाचे पहिले लक्षण असले पाहिजे. इतर कवायतींपासून आपली कवायत वेगळी कशात आहे? टोपीच्या रंगात? जी मुलगी मला “एकट्यांनीच?” असे विचारू शकली ती मंडळापुढे गप्प राहिली, यात तिचा दोष नाही. रविवारच्या कवायतीनंतर अर्धा तास तरी प्रश्नांचा तास ठेवण्याचे आम्हा मोठ्यांना सुचले नाही, हा आमचा दोष आहे. मीही त्या रात्री तेथे होतो. मीही बोललो नाही. मजकूर बदलता येतो म्हणून समाधान मानले आणि घरी गेलो. हे लिहिणे त्या गप्प राहण्याची भरपाई होऊ शकत नाही, पण ते झाकून ठेवून समीक्षा लिहिणे त्याहून वाईट.

१४ एप्रिलच्या रात्री रथ निघाला. पुढे डीजे, त्यामागे पथकाची रांग, मग रथ. दर्शनी कडेला फलक. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फुले टाकली. माझा मजकूर डीजेच्या आवाजात कोणाला ऐकू गेला असेल असे वाटत नाही. मिरवणूक बसस्थानकाच्या चौकात थांबली तेव्हा मी रथाला वळसा घालून मागे गेलो. आमच्याकडे बाया रथाच्या मागून चालतात. पुढची जागा नाचणाऱ्या पोरांची. रथाच्या मागच्या फळीवर, जनरेटरच्या शेजारी, ती भांडी बांधलेली होती. सगळी नाही; सहा-सात. मुलांनी ती काढली होती पण उतरवली नव्हती. दर्शनी बाजू रिकामी करा असा हुकूम होता, मागच्या बाजूबद्दल हुकूम नव्हता. ट्रॉली हादरली की ती एकमेकांवर आपटत होती. मागून चालणाऱ्या बाया आपापले भांडे बोटाने एकमेकींना दाखवत होत्या.

याला मी विजय म्हणणार नाही. पण समीक्षेला त्यातून एक धडा घेता येतो. आपण नेहमी रथाच्या समोर उभे राहतो, छायाचित्र तेथूनच निघते, बक्षिसाचे परीक्षकही तेथेच बसतात. रथाला मागची बाजूही असते, आणि कधी कधी खरे लिखाण तेथे असते. ज्यांच्यासाठी ते लिहिले आहे त्यांना ते कोणी न सांगता वाचता येते.

म्हणून माझ्या कार्यकर्त्या मित्रांना, विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना माझे सांगणे आहे. पुढच्या एप्रिलमध्ये आपापल्या गावच्या चित्ररथापुढे उभे राहून काही साधे प्रश्न विचारा. या रथावर कृती कोण करतो आहे, आणि कोण नुसता उभा आहे? प्रसंग कोठे थांबवला आहे, आणि तो तेथेच थांबल्याने कोणाची सोय होते? स्त्रिया कोठे आहेत? खर्च कोणाचा, आणि त्या खर्चाने कोणती जागा व्यापली? काय काढून टाकले गेले, आणि ते काढायला कोणी सांगितले? या प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवा. रथांचे मजकूर जपून ठेवा. आज ते दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातात आणि आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातला एक मोठा भाग दरवर्षी असा पुसला जातो. ज्या मुलांनी रथ बांधला त्यांच्याकडूनच त्याचे परीक्षण लिहून घ्या. आणि बांधणी चालू असताना जा. मिरवणुकीच्या रात्री फक्त निकाल दिसतो. वाद, निवड आणि माघार या गोष्टी लगदा ओला असतानाच पाहता येतात.

त्या वयस्क बाईची घागर तिला १५ तारखेला सकाळी परत गेली. घागरीच्या काठाला पोचा आला होता. मी म्हणालो, मावशी, नुकसान झाले. ती म्हणाली, “पोचा ऱ्हाऊ द्या सर. ट्यांकर आलाय का तेवढं बघा.”